अकरा डबे आणि एक सही

चिमटा सापडेनासा झाला की शेती संशोधन संस्थेच्या जाळीघरातले सगळे आधी तिच्या अंबाड्याकडे बघत. बहुतेक वेळा तो तिथेच खोचलेला असे. म्हणून तिचं नाव चिमटाबाई. उद्या उमलणारी टोमॅटोची कळी आजच ओळखायची, तिच्यातले पुंकेसर चिमट्याने अलगद काढायचे, मग दुसऱ्या झाडाचा पराग लावून देठाला रंगीत दोरा बांधायचा, हे काम ती अठरा वर्षं करत होती. शाळा आठवीतच सुटली होती, पण कळीच्या बाबतीत डॉक्टरसुद्धा तिचा शब्द मोडत नसत. हे डॉक्टर म्हणजे संस्थेतले वाण तयार करणारे शास्त्रज्ञ. तापाची गोळी मागितली तर तेच आधी घाबरले असते.

नऊ वर्षं खपून त्यांनी एक वाण तयार केलं होतं. पानं मुरडून टाकणारा विषाणू त्याला शिवत नसे. रोग अडवणारं जनुक कोणत्या रोपात आलंय ते दरवर्षी डीएनए तपासून बघायचं, तेवढी रोपं ठेवायची, बाकीची उपटायची. आता त्या वाणाच्या हक्काचा अर्ज जाणार होता. हक्क मिळाला नाही, तर उद्या कुठलीही कंपनी तेच बियाणं स्वतःचं म्हणून विकायला मोकळी.

जाळीघरातल्या चौघी बायकांना डॉक्टरांच्या खोलीत बोलावलं होतं. अर्ज घेऊन वकीलबाई तिथे आल्या. एक रकाना त्यांनी मोठ्याने वाचला. "हे वाण याआधी संस्थेबाहेर कोणाला दिलं किंवा विकलं आहे का?"

"प्रश्नच नाही," डॉक्टर म्हणाले.

"मग खाली तुमची सही. आणि जाळीघरातल्या चौघींचीही."

तिघींनी सह्या केल्या. चिमटाबाईने पेन हातात घेतलं, टोपण काढलं, पुन्हा लावलं.

"डॉक्टर, माझ्या घरी अकरा डबे आहेत."

"कसले डबे?"

"तेलाचे. त्यात टोमॅटो लावलेत. आपलेच."

मोजमाप झालेली फळं मागच्या खड्ड्यात पुरायची, असा संस्थेचा नियम होता. पण पिकलेलं, लालबुंद फळ मातीत गाडायला चौघींचंही मन धजत नसे. थोडी फळं पिशवीतून घरी जात, खाण्यापुरती. सहा वर्षांपूर्वी चिमटाबाईच्या सासूने त्यातल्या बिया राखेत वाळवल्या आणि मागच्या अंगणात लावल्या. तेव्हापासून ती दरवर्षी बी धरत होती. समोरच्या शेजारणीलाही तीन रोपं दिली होती.

बाकीच्या तिघी खिडकीबाहेर बघू लागल्या. डॉक्टर खुर्चीत बसले ते बसलेच. चिमटाबाईला वाटलं, नोकरी गेली तर गेली, पण या माणसाची नऊ वर्षं आपल्या पिशवीतून गेली.

वकीलबाई मात्र शांतपणे लिहीत होत्या. "विकली का कधी?"

"नाही हो. घरालाच पुरत नाहीत."

"डॉक्टरांना विचारून नेली होती?"

"विचारलं असतं तर नेऊ दिली असती का?"

"हे बरं झालं."

"न विचारता नेली ते बरं?"

"नोकरीच्या दृष्टीने नाही, अर्जाच्या दृष्टीने. मालकाच्या संमतीने बाजारात गेलं असतं, तर वाण नवीन आहे म्हणणं जड गेलं असतं. पण डब्यांत नेमकं काय उगवलंय ते मला माहीत हवं. उद्या कोणी अर्जावर हरकत घेऊन विचारलं तर तोंड बंद व्हायला नको."

दुपारीच डॉक्टर तिच्या घरी आले. सासू डब्यांपुढे उभी राहिली.

"ही तपासणी कशाची?"

"आई, पानं न्यायची आहेत फक्त," चिमटाबाई म्हणाली.

"पानं न्या. फळाला हात लावायचा नाही."

अकरा डब्यांची आणि शेजारणीकडच्या तीन रोपांची पानं चिमटाबाईनेच तोडली, पुड्या बांधल्या, वर आकडे घातले. आकडा चुकू नये म्हणून प्रत्येक पुडी दोनदा उघडून पाहिली. दोन दिवस ती कळ्यांवर वाकली की चष्म्याच्या काचा घामाने धुरकट होत. पानांच्या डीएनएचा निकाल अजून यायचा होता.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर कागद घेऊन जाळीघरात आले. चेहऱ्यावरचा ताण उतरला होता.

"एकही जुळत नाही. तू नेलंस तेव्हा संकर कच्चा होता, त्याचे गुण अजून स्थिर झाले नव्हते. एकेक बी आपापल्या वाटेने गेलं. दोन डब्यांत रोग अडवणारं जनुक आहे, पण फळ वेगळं, उंची वेगळी, पान वेगळं. आपलं वाण संस्थेबाहेर गेलेलंच नाही."

चिमटाबाई मातीच्या पोत्यावर बसली.

"आणि मी?"

"तू यापुढे फळं खड्ड्यात टाकशील. माझ्यासमोर."

वकीलबाईंनी घडलेला प्रकार चार ओळींत लिहून अर्जाला जोडला. चिमटाबाईने तो दोनदा वाचला. 'विना परवानगी' या शब्दांवर जरा अडखळली, मग खाली सही केली, पूर्ण नावाची.

घरी आली तर सासू दारातच. "काय निघालं?"

"ते टोमॅटो संस्थेचे नाहीत, आई. वेगळेच झालेत."

"म्हणजे चोरीचे नाहीत?"

"फळं मी चोरूनच आणली होती. पण त्या वाणाचे नाहीत."

"तेवढं पुरे," सासू चपला शोधत म्हणाली. "चल माझ्याबरोबर समोर. ती बाई परवा तिन्ही रोपं डब्यांसकट परत ठेवून गेली, पोलीस येतील म्हणून. काय ते तूच तिला नीट सांग, मला तो डीएनए का काय तो सांगता यायचा नाही."

चिमटाबाईने शेजारणीचे दोन डबे उचलले, तिसरा सासूने घेतला, आणि दोघी रस्ता ओलांडायला निघाल्या.