सोबतीला ठेवलेली बाई

माझ्या लाँड्रीच्या वर, पहिल्या मजल्यावर, एक निवृत्त पोस्टमन राहतात. बायको गेली, मूलबाळ नाही. गल्लीत कुणी त्यांना नावाने हाक मारत नाही, आणि मारलेली त्यांना आवडतही नाही. आयुष्यभर पायी टपाल वाटलं, त्या पायांचा त्यांना भारी अभिमान. शेजारी दोन मिनिटं उभा राहिला तरी या भागातले सगळे जिने त्याला ऐकून घ्यावे लागत. मग एकदा न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, आणि इस्पितळवाल्यांनी स्पष्ट सांगितलं की आता घरात पूर्णवेळ माणूस हवं. अशी ताई आली.

ताई दुसऱ्या देशातली. मीही तसाच आलेला, पण माझे कागद केव्हाच पक्के झालेत, त्यामुळे या विषयावर बडबड करायचा अधिकार मला आहे असं मी समजतो. तिचा कामाचा परवाना पोस्टमनच्या नावाशी बांधलेला होता. काम करायचं ते याच माणसाकडे, याच घरात, आणि याला पूर्णवेळ मदतीची गरज आहे तोवरच. म्हातारा मेला तर परवाना संपला. म्हातारा ठणठणीत झाला तरी संपला. म्हणजे त्याने आजारी राहायचं, पण बेताने. हा नियम ज्याने लिहिला त्याला स्वतःला हसू आलं नसावं.

ताईची मुलगी तिकडे मावशीकडे होती. परवान्याचं एक नूतनीकरण झालं की अल्पवयीन मुलाला बोलावून घेता येतं. मुलगी लवकरच सज्ञान होणार होती, त्यामुळे हे नूतनीकरण हुकलं तर पुढची संधी नव्हती. माझ्या काउंटरवर चादरी मोजून देताना ताई हे इतक्या वेळा सांगायची की माझ्या गिऱ्हाइकांनाही ते पाठ झालं होतं.

आणि एवढं सगळं ठाऊक असून ही बाई म्हाताऱ्याला बरं करायच्या मागे हात धुऊन लागली. आधी खुर्चीपासून खिडकीपर्यंत. मग जिन्यापर्यंत. नंतर दोघं माझ्या दुकानावरून कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत जायला लागले. तिचा एक हात त्यांच्या दंडाखाली, पण असा धरलेला की लांबून बघणाऱ्याला वाटावं, म्हातारेबुवाच तिला फिरवताहेत. जाताना पोस्टमन एकेक दार दाखवत, इथे कुणाची पत्रं यायची, कुणाचं कुत्रं चावरं होतं, कोण तार घ्यायला घाबरायचं. ताई सगळं पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी ऐकायची. मुलीला फोनवर सांगायची, "आमचे काका रोज चालत ब्रेड आणायला जातात." स्वतःच्या पोराने पहिलं पाऊल टाकल्यासारखं सांगायची.

मग पत्र आलं की नूतनीकरणाआधी परवाना खात्याचा अधिकारी घरी येऊन पाहणी करणार. ताईचे कागद बघणाऱ्या वकीलबाईंनी फोनवर बजावलं, "घर आहे तसंच राहू द्या. काही सजवू नका." पण ताईच्या तिकडे घरी पाहुणा येणार म्हटलं की जमीन पुसायची, म्हाताऱ्या माणसाला न्हाऊमाखू घालायचं, धुतलेले कपडे चढवायचे, ही रीत. घरातलं म्हातारं माणूस गबाळं दिसलं तर लाज सुनेची. इथे सून कुणीच नव्हती, पण लाज ताईने आपल्याकडे घेतली. आदल्या दिवशी ती पोस्टमनचा जुना गणवेशाचा कोट घेऊन खाली आली.

"भाऊ, चांगली कडक इस्त्री करा. साहेब येणारेत."

मी कोट फडफडीत करून दिला. बटणंही पुसली.

दुसऱ्या दिवशी अधिकारी आला. बिचारा तरुण, पायात चिखलाचे बूट, हातात फाइल. एका सरकारी माणसाच्या घरी दुसरा सरकारी माणूस आला म्हटल्यावर पोस्टमनच्या अंगात दहा हत्तींचं बळ संचारलं. दार त्यांनी स्वतः उघडलं. काठी खुर्चीमागे दडवली. चहासुद्धा स्वतः केला, आणि ताई पुढे झाली तेव्हा तिला डोळ्यांनी दटावून बसवलं. अधिकाऱ्याने विचारलं, "या तुमचं काय काय करतात?" पोस्टमन छाती काढून म्हणाले, "करायचं काय? माझं मी करतो. हिला ठेवलंय ती सोबतीला."

सोबतीला परवाना मिळत नाही.

नोटीस आली तेव्हा ताईच्या तोंडचं पाणी पळालं. परवाना का नाकारू नये याचं कारण द्या, पुन्हा पाहणी होईल, शक्य असल्यास शेजारचा साक्षीदार ठेवा. साक्षीदार अर्थात मी. वकीलबाई या वेळी जातीने आल्या आणि आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतल्याबद्दल दोघांना उभं आडवं झापलं. मग म्हणाल्या, "आता सरळ अंथरुणात झोपवा. दाढी करू नका. विचारलं तर कण्हू देत."

ताई म्हणाली, "नाटक नको, बाई. त्यांना जमायचं नाही, आणि माझ्यासाठी त्यांनी खोटं बोलावं हे मला सोसायचं नाही. आहे तेच सांगितलं तरी पुरे."

आहे ते काय होतं, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. बेकरीपर्यंतचं चालणं मी पाहिलेलं. जिना चढून गेल्यावर दाराआड काय चालतं ते कशाला पाहतोय? ताई पोस्टमनसमोर जमिनीवर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "काका, आहे तेवढंच सांगा. नाही सांगवलं तर राहू दे. मी रागावणार नाही."

दुसऱ्या पाहणीला तोच अधिकारी आला. या वेळी पोस्टमन खुर्चीतून उठले नाहीत. साधा सदरा, गुडघ्यावर शाल. मी दाराजवळच्या स्टुलावर. अधिकाऱ्याने तोच प्रश्न विचारला. पोस्टमननी माझ्याकडे पाहिलं. मी तिथे नसतो तर बरं झालं असतं, असं त्या क्षणी मला फार वाटलं.

"ही मला आंघोळ घालते," ते म्हणाले. "माझी मान ताठ राहावी म्हणून भिंतीकडे बघत घालते. रात्री दोनदा उठून मला संडासला नेते. कधी वेळेत पोहोचत नाही मी. चादरी ही खाली या माणसाकडे देते, त्याला काही सांगत नाही. गॅस दोनदा उघडा टाकला मी. मागल्या खेपेला तुम्हाला चहा दिला ना, त्यात साखरेऐवजी मीठ होतं. तुम्ही प्यायलात, त्याबद्दल आभारी आहे. चालतो म्हणाल तर हिच्या हातावर चालतो. हिने हात काढला तर मी पडतो. लिहा."

अधिकाऱ्याने लिहिलं. ताई ओट्याकडे तोंड करून उभी होती. मी चादरींचा विचार करत होतो. इतकी वर्षं धंदा करतो, मला कळायला हवं होतं.

परवाना मिळाला. मुलीच्या अर्जावरही शिक्का बसला. ताईने बेकरीतून गोड पाव आणून इमारतभर वाटले, मलाही दोन दिले.

पण पोस्टमन खाली उतरेनात. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, लाज वाटत असेल, चारचौघांत बोलावं लागलं ते जिवावर आलं असेल. म्हणून मी मुद्दाम वर गेलो. ताई त्यांच्यापुढे बूट घेऊन बसली होती, आणि ते पाय मागे घेत होते.

"काका, चला ना. नुसतं कोपऱ्यापर्यंत."

"नको."

"अहो, पाय आखडतील."

"आखडू देत. तो साहेब इथूनच जातो-येतो. त्याने मला बेकरीत पाहिलं म्हणजे? कुणी जाऊन सांगितलं म्हणजे?"

"तुम्ही खरं तेच सांगितलंत. त्यात चालता असंही सांगितलंत."

"पोरी, मी सरकारी नोकरी केलीय," पोस्टमन म्हणाले. "वाचणारा हवं तेवढंच वाचतो. तुझी लेक आली की बघू."

ताईने विनवलं, रागावून पाहिलं, एकदा रडलीसुद्धा. वकीलबाईंनी फोनवर सांगितलं की चालण्याने काही बिघडत नाही, मग आवाज खाली आणून असंही म्हणाल्या की फारसं दिसण्यात येऊ नये हे उत्तम. फोन स्पीकरवर होता. झालं. त्यापुढे ताईनेही हात टेकले. मला तिचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण लेकीचा अर्ज माझा नव्हता, तिचा होता.

मुलीचे कागद, तपासण्या, तिकडच्या कचेऱ्या, यात हिवाळा सरला. माणूस बसला की बसतो. ती आली तोवर पोस्टमनना खुर्चीतून खिडकीपर्यंत न्यायलाही दोघं लागत होते. मी वर जाऊन हात लावायचो.

मुलगी आईपेक्षा उंच, जराशी बुजरी. बॅग दारातच ठेवून ती आत आली, पोस्टमनच्या पाया पडली, आणि त्यांच्या पायांकडे बघतच राहिली. चप्पल घातलेले, सुजलेले, खुर्चीपुढे नुसते ठेवलेले. मग तिने आईकडे पाहिलं.

"आई, तू तर म्हणायचीस, हे रोज चालत ब्रेड आणायला जातात."

ताई दारातली बॅग उचलायला वळली. मी जमिनीकडे पाहिलं.

पोस्टमन हसले. "तुझ्या आईला वाढवून सांगायची सवय आहे," ते म्हणाले. "मी काही कधी चालत नव्हतो. बस, दमली असशील."