पॉलिशवाल्या काकांचा रंग

पॉलिशवाले काका पिवळे पडले, तेव्हा कोणाच्याच लक्षात आलं नाही. लाकडाच्या पॉलिशनं त्यांचे हात कायमच पिवळे, तपकिरी नाहीतर लालसर असायचे. त्याचं घरात कोणाला काय! काकूंनी साबण बदलून पाहिला, एवढंच. पुढे डोळेही पिवळे दिसायला लागले, तर काकांनी पॉलिशला आलेल्या कपाटाच्या आरशाला दोष दिला. काच जुनी आहे म्हणाले.

ओल्या पॉलिशवर धुळीचा कण बसू नये म्हणून काका दारं-खिडक्या लावून काम करत. फटीतसुद्धा ओली फडकी कोंबत. जुना रंग उतरवायच्या द्रावणाचा वास खोलीत कोंडून राही. काका म्हणत, आपल्याला सवय झालीय. यकृताला झाली नव्हती.

मग अंगाला खाज सुटली, लघवी काळ्या चहासारखी झाली आणि शौचाला खडूसारखं पांढरं व्हायला लागलं. तेव्हा कुठे काकूंनी त्यांना ओढत डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"रक्तातला पिवळा रंग यकृत उचलतं आणि पित्तात टाकतं," बाई म्हणाल्या. "पित्त आतड्यात उतरलं की शौचाला रंग येतो. तुमच्या यकृतातले हा माल पित्तात टाकणारे हमालच त्या द्रावणाच्या वाफेनं आडवे झालेत. माल तुंबला आणि उलटा रक्तात शिरला."

"हमाल उठतील ना?"

"उठायला हवेत. नाही उठले तर यकृत जाईल, आणि मग माझ्या हातात काही नाही. ते काम बंद. आणि रोज शौचाचा रंग बघत जा."

काकांचा जन्म छटा जुळवण्यात गेलेला. ते मन लावून बघू लागले आणि बाहेर येऊन निकाल सांगू लागले.

"चुना."

"अहो, मी खातेय!"

"आज हस्तिदंती वाटला, पण फसवा."

काकू चिडत. पण निकाल आला नाही, तर त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. काळजीनं त्या अर्ध्या झाल्या होत्या.

एका सकाळी काका बराच वेळ बाहेरच येईनात. काकूंनी दार बडवलं.

"अहो, बरे आहात ना?"

आतून रडका आवाज आला. "साग, अगं! अस्सल साग!"

"पाणी टाकू नका!" काकू ओरडल्या आणि चष्मा शोधायला धावल्या.