आत्याचा क्षेत्रसंन्यास आणि जकात नाका

"आजी, पाच वर्षं ठरली होती, पाच! बारावं सरत आलं! माणसाने बोलल्या शब्दाला काही जागावं की नाही?"

धर्मशाळेच्या चौकात उभा राहून मॅनेजर ओरडत होता. आवाज असा, की रामकुंडात बुडी मारलेल्या माणसाने पाण्याखालून 'ओ' द्यावी. ज्या बाईवर हा तोफखाना चालला होता, ती माझी आत्या ओसरीवर बसून वाती वळत होती.

"मी काय मुद्दाम जगते का?" ती म्हणाली आणि पुढची वात वळायला घेतली.

तेवढ्यात मॅनेजरला दारात उभा असलेला मी दिसलो. कार्ड टाकून त्यानेच मला सातपूरहून बोलावून घेतलं होतं.

"या, भाचेसाहेब! पाच वर्षांचा आकडा तुमचाच ना?"

माझाच होता. खोटं कशाला सांगू?

आत्या येवल्याची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. दुसऱ्यांच्या मागांसाठी पैठणीचं रेशीम कांड्यांवर भरता भरता तिची हयात गेली. बोटं आणि डोळे एकदमच थकले, तेव्हा तिने ठरवलं, म्हातारपण कुणाच्या दारात काढायचं नाही. पंचवटीत तेव्हा अशी सोय होती: धर्मशाळेला एकरकमी देणगी द्यायची, आणि मरेपर्यंत एक खोली आणि दोन वेळचं जेवण मिळवायचं. म्हाताऱ्यांना गोदाकाठ, धर्मशाळेला रोकड. येवल्याचं दोन खणांचं घर विकून आत्याच्या हाती चार हजार आले. मॅनेजर पाच हजारांवर अडून बसला. मग घासाघीस करायला मी पुढे झालो. त्याला बाजूला घेऊन हळूच म्हटलं, "बघा तिच्याकडे. पाच वर्षं काढली तर डोक्यावरून पाणी." आत्याला ते ऐकू गेलं असावं, कारण नेमकी त्याच वेळी ती अशी खोकली की मलाही भरून आलं. सौदा चार हजारांत पटला.

हा पराक्रम मी घरोघर सांगितला. दिवाळीपर्यंत माझ्या गोष्टीतला मॅनेजर ढसाढसा रडू लागला होता आणि वर आत्याला लुगडं देत होता. एवढी वर्षं मी गोष्टी सांगत आलोय, पण म्हातारपणाची इतकी पक्की तजवीज आमच्या घराण्यात कुणी केली नाही, हे मात्र मी अगदी मनापासून सांगायचो.

खोलीत पाऊल टाकण्याआधी आत्याने रामकुंडावर ओंजळीत पाणी घेऊन क्षेत्रसंन्यास घेतला. म्हणजे या तीर्थाची हद्द मरेपर्यंत ओलांडायची नाही. हद्द कुठे, असं तिने विचारलं. गुरुजींचे आणखी तीन यजमान ताटकळत होते. ते म्हणाले, "धरा जकात नाक्यापर्यंत." मी कामाला होतो तो कारखाना आणि माझ्या भाड्याच्या दोन खोल्या नाक्याच्या पलीकडे, सातपूरला. तेव्हा हे कुणाच्या लक्षात आलं नाही. आलं असतं तरी कुणी बोललं नसतं, कारण तिला घरी न्यायची पाळी येणारच नव्हती.

पण गोदावरीची हवा तिला मानवली. खोकला पहिल्याच वर्षी पळाला. साखर, रॉकेल, तूरडाळ, सगळ्यांचे भाव वर वर चढत गेले आणि आत्या त्यांच्या बरोबरीने टवटवीत होत गेली. तिच्यासारखे चौदा म्हातारे होते. बारा वर्षांत धर्मशाळेचे तीन विश्वस्त वारले, देणगीवाला एकही नाही. संध्याकाळच्या पोळ्या आधी दोनाच्या एक झाल्या, मग त्या एकीचीही भाकरी झाली.

"महिना पंच्याहत्तर," मॅनेजर म्हणाला. ओरडून ओरडून त्याचा घसा बसला होता. "एक तारखेपासून. नाहीतर खोली सोडायची. साहेब, मला शिव्या द्या हवं तर, पण वखारवाला मला धर्मार्थ लाकडं घालत नाही."

शिव्या तरी काय देणार! मी ओसरीवर आत्याजवळ जाऊन बसलो.

"आत्या, घरी चल."

"हद्द आहे ना रे."

मी तडक घाटावर गेलो. व्रत देणारे गुरुजी केव्हाच वारले होते. दुसऱ्या एकाने हद्द पाच कोसांची सांगितली. तिसरा म्हणाला, हद्द म्हणजे नदीचा हा काठ. म्हणजे आत्या पूल ओलांडून भाजीला गेली तेवढ्या वेळा तिचं व्रत मोडलं होतं. चौथ्याने आधी दक्षिणा मागितली. मी पायऱ्यांवर मटकन बसलो, आणि बसल्या बसल्या डोक्यात वीज चमकली. नाका! नगरपालिकेची महानगरपालिका झाली होती, सातपूर नाशकात आलं होतं, आणि जकात नाका उचलून माझ्या घराच्या पुढे नेऊन ठेवला होता!

मी असा पळत आलो की वाटेतल्या गायी उठून उभ्या राहिल्या.

"आत्या, हद्द वाढली! नाका पुढे गेला! माझं घर आता क्षेत्रात आलं!"

तिने वाती बाजूला ठेवल्या. "खरंच?"

"अगदी आत! चांगलं फर्लांगभर आत!"

"बरं झालं," ती म्हणाली. "मग मला निजवशील कुठे?"

 मी मनातल्या मनात दोन्ही खोल्या फिरून आलो.

"स्वयंपाकघरात..."

"तिथे तुझी आई निजते."

"मग आईला बाहेर..."

"बाहेर तुम्ही दोघं, तीन पोरं आणि सायकल."

"सायकल जिन्याखाली ठेवता येईल."

"सायकलच्या जागेत मी मावेन का रे?"

ती हसली नाही. मीही हसलो नाही. मॅनेजर कचेरीच्या दारातून आमच्याकडे बघत होता, तो आत गेला.

"दर दिवाळीला मला बोलवायला येतोस," आत्या म्हणाली. "केवढ्यांदा बोलावतोस! सगळ्या चौकाला ऐकू जातं. व्रत आहे म्हणून मी येत नाही, हे तुलाही ठाऊक असायचं आणि मलाही. बरं चाललं होतं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मी वाती विकीन. पण पंच्याहत्तर त्यात व्हायचे नाहीत. तुला झेपतील?"

"पंच्याहत्तरच ना! हा हा म्हणता!" मी इतक्या जोरात म्हणालो की समोरच्या खोलीतल्या बहिऱ्या आजोबांनीही मान वळवली.

झेपणार नव्हते. तिला ते माझ्याकडे बघूनच कळलं असणार, कारण तिने पुन्हा वाती जवळ ओढल्या आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.

मी कचेरीत गेलो. घरभाड्यासाठी खिशात ठेवलेले पैसे काढून टेबलावर ठेवले. मॅनेजरने ते मोजले आणि पावती फाडली.  एकदा ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

"हा आकडा तरी आता कायम ना?" मी विचारलं.

"मार्चपर्यंत," तो म्हणाला.