ताईत कोण होतं?

“म्हणजे मी आता नुसतं बघायचं?”

“ताई, तात्पुरतं आहे.”

“बिल बघायचं, स्टॉक बघायचा, हात लावायचा नाही. शोकेसमधली बाहुली केलीस माझी.”

“आवाज खाली. बाहेर गिऱ्हाईक आहे.”

“गिऱ्हाईक काच बघतंय. काचेच्या पलीकडे कोण भांडतंय, ते त्याच्या बापाला दिसत नाही.”

ताईने माउस पुन्हा दाबला. सेव्हचं बटण राखाडीच राहिलं. सकाळपासून ती त्याच्यावर टकटक करत होती, कुणी आतून कडी काढेल अशा आशेने. समोर तिचा धाकटा भाऊ उभा होता. दुकानात त्याला सगळे दादा म्हणतात. गाडीची किल्ली बोटात फिरवायची त्याची जुनी सवय, पण आज ती फिरत नव्हती, मुठीत घट्ट होती.

दुकान काचेचं. खिडक्या, टेबलांचे टॉप, आरसे, दरवाजे. वडील शिडीवरून पडले आणि अंथरुणाला खिळले, तेव्हा ताई कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला होती आणि भाऊ शाळेच्या चड्डीत. परीक्षा संपल्यावर बसते म्हणाली आणि गल्ल्यावर बसली, ती बसलीच. लग्न झालं, दोन गल्ल्या पलीकडे संसार थाटला, तरी सकाळी स्वयंपाक उरकून दुकानाचं शटर तीच वर करायची. नवरा गमतीने म्हणायचा, “माझी बायको माहेरी नांदते.” ताईच्या बोटांवर बारीक पांढऱ्या रेघा होत्या, काचेने ओढलेल्या. कुणी विचारलं की म्हणायची, “हा माझा बायोडेटा.”

भावाने सॉफ्टवेअर आणलं तेव्हा तिनेच आधी हौसेने शिकून घेतलं. बसवायला आलेल्या मुलीने प्रत्येकाला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड दिला. ‘मालक’ या नावाला सगळे अधिकार. ‘ताई’ला लिहायचे आणि बदलायचे. कटिंगच्या टेबलावरच्या मिस्त्रींना फक्त माप बघायचे. कागदावर हे झकास होतं. पण दारातलं गिऱ्हाईक म्हणतं, “दोन इंच कमी करा,” तेव्हा मिस्त्रींनी काय करायचं, बघत बसायचं? ताई बँकेत, दादा बाहेरगावी. मग ताईने आपला पासवर्ड काचेवर लिहायच्या पेन्सिलीने गल्ल्यामागच्या आरशावर लिहून टाकला. तेव्हापासून सगळे तिच्याच नावाने सॉफ्टवेअर उघडू लागले, आणि दुकानात एक नवा शब्द रुळला. माप बदललं? ताईत टाक. बिल चुकलं? ताईत जा, काढून टाक. टेम्पोचा ड्रायव्हरसुद्धा डिलिव्हरी ताईत करायचा. मिस्त्री हसून म्हणायचे, “ताईत बांधलाय सगळ्यांनी. आता कसली बाधा नाही.”

बाधा आली ती भिंतीला टेकून उभी होती. जिमवाल्याच्या दरवाज्यांच्या काचा, सगळ्या आखूड. साधी काच असती तर तिच्यातून दुसऱ्या कामाला छोट्या काचा कापून घेतल्या असत्या. पण ही टफन. आधी कापायची, भोकं पाडायची, मग भट्टीत जायची. भट्टीतून आली की तिला कुणी कापू शकत नाही. काच कापायची हिरकणी टेकवली की सगळा चुरा. आणि सॉफ्टवेअर म्हणत होतं, की भट्टीला पाठवायच्या आदल्या दुपारी या ऑर्डरचं माप बदललं गेलं. बदलणाऱ्याचं नाव, ताई.

“त्या दुपारी मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे होते. तूच सोडलंस मला.”

“माहितेय. तू नाही बदललंस, हे मलाही माहितेय.”

“मग माझे हात का बांधलेस?”

“कारण नाव तुझं आहे.” तो खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. “जिमवाला संध्याकाळी येतोय. त्याला मी काय सांगू, आमच्याकडे ताई एकाच वेळी चार ठिकाणी असते? मला एक माणूस दाखवावा लागेल. तू नाव सांग. आत्ता, याच खुर्चीत तुझे सगळे अधिकार परत देतो.”

“कुणाचं नाव?”

“मी कशाला सांगू? कुणाला जवळचं दिसत नाही, चष्मा खिशात ठेवून कोण काम करतं, सगळ्या दुकानाला माहितेय.”

मागे कटिंगच्या टेबलावर काच चिरल्याचा बारीक कर्र आवाज चालू होता. तो थांबला.

ताईला चष्म्याचं माहीत होतं. मागच्या महिन्यात मिस्त्रींनी एक आरसा तिरका कापला होता, आणि तिनेच तो ‘वाहतुकीत फुटला’ असा टाकला होता. आता एक शब्द बोलायचा, की बटण हिरवं. मिस्त्रींना या वयात दुसऱ्या कुठल्या टेबलावर कोण उभं करणार? तिने ऑर्डर पुन्हा उघडली. बघायला तर मुभा होती.

“हे बोट घसरून झालेलं नाही,” ती हळू म्हणाली.

“म्हणजे?”

“एखादा आकडा चुकला असता तर एक काच चुकली असती. इथे प्रत्येक काचेची उंची कमी आहे, रुंदीही. सगळीकडे सारखीच कमी. जुनं माप चौकटीत काच बसते त्या खाचेपर्यंत धरलेलं होतं. हे कुणीतरी नुसतं आतून मोजलंय. तिथे जाऊन, टेप लावून.”

“असेल.”

“मिस्त्री तिकडे गेलेच नाहीत.” तिने मान वळवली. “मिस्त्री, जरा इकडे या.”

मिस्त्री आले. चष्मा आज डोळ्यांवर होता. हातातली हिरकणी त्यांनी खिशात घातली, पुन्हा काढली.

“जिमवाल्याचं माप बदललंय, हे तुम्हाला कसं कळलं?”

“ताईत दिसलं.”

“आपणहून बघितलंत, की कुणी बघायला सांगितलं?”

मिस्त्री परत टेबलाकडे वळू लागले.

“मिस्त्री, मी विचारतेय.”

“मला बोलायला लावू नका ताई. मी जातो पाहिजे तर. पोरगी कमावतीये आता. भागेल आमचं.”

“भागेल की नाही ते नाही विचारलं मी. कोणी सांगितलं?”

त्यांनी दादाकडे बघितलं नाही. न बघण्यासाठी त्यांना मान पार छताकडे न्यावी लागली. “फोन आला होता,” ते छताला म्हणाले. “ताईत नवीन माप टाकलंय, तेच पाठवा, म्हणून.”

बाहेरच्या गिऱ्हाइकाने काचेवर टिचकी मारली. कुणी हललं नाही.

“तुझ्या नावाने उघडायला दर वेळी मोबाइलवर कोड यावा लागतो,” ताई भावाला म्हणाली. आवाज आता इतका खाली होता की त्याला पुढे झुकावं लागलं. “मला डॉक्टरकडे सोडून तू जिममध्ये गेलास. तिथल्या तळघरात रेंज नाही, परत आलास तेव्हा तूच कुरकुरत होतास. बाहेर पायरीवर आलास, घाई होती, कोडची वाट कोण बघणार? माझा पासवर्ड तुला पाठ आहे.”

“ताई, मला खरंच आठवत नाही.”

“नसेल आठवत. मी खोटा म्हणत नाही तुला. तुझ्या जागी असते तर मीही विसरले असते. पण काल रात्री माझं बटण बंद करायला बसलास, तेव्हा तरी आठवलं का?”

त्याच्या गालावर लहानपणी उठायचा तसा लाल पट्टा उठला होता. शाळेचा दाखला हरवला तेव्हा उठला होता, तेव्हा ताईनेच वडिलांना सांगितलं होतं की तो तिच्याकडून हरवला.

“हे बघ, माझं राहू दे,” ती म्हणाली. “मी बसते बघत. पण हे उभे आहेत. यांना सांग, उद्या कामावर यायचं की नाही.”

मिस्त्रींनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. दादा उठला. टफनच्या काचांपाशी क्षणभर रेंगाळला, सगळ्यात बाहेरच्या काचेवर तळहात टेकवला, जणू ती पडतेय. मग मिस्त्रींकडे न बघता, गिऱ्हाइकाला वळसा घालून तो रस्त्यावर उतरला, आणि गाडी सुरू झाल्याचा आवाज आत आला.