पटक्याचं बाळ

माझी आत्या मालुबाई कंग्राळीची सुईण. १९३३ साली ती बेळगावातल्या एका दवाखान्यात सुईणींच्या शिकवणीला गेली आणि येताना एक बाहुली घेऊन आली. शहापूरच्या हातमागावरच्या चिंध्यांचं बाळ, पोटाला नाळ म्हणून लाल दोरा, आणि आईचं पोट म्हणून चामड्याची पिशवी. मूल आडवं आलं, त्याचा हात बाहेर आला, तर तो ओढायचा नाही. आत हात घालून पाय शोधायचा. हे ती त्या पिशवीत शिकली होती आणि आता गावातल्या बायकांना शिकवणार होती.

घात झाला तो धुण्यानं. बाहुली मळली म्हणून तिनं धुतली आणि अंगणातल्या दोरीवर वाळत घातली. तीही उलटी, पाय वर, डोकं खाली. दिवस अमावास्येचा. शेजारच्या भरमाचं पोरगं त्याच दुपारी तापानं गेलं. पोराला पुरून माणसं परतली आणि भरमाला ती दोरीवरची बाहुली दिसली.

"करणी केली रांडंनं! माझं पोरगं हिनंच खाल्लं!"

"अरं, शिकायची बाहुली हाय ती भरमा! दवाखान्यातली!"

कोण ऐकतो? केसाला धरून तिला अंगणभर फरफटवलं. भरमाच्या आईनं, अंबुबाईनं, बाहुली चुलीत घातली. चामड्याच्या वासानं गल्ली भरली. भरमानं पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि आत्याचा उजवा हात जमिनीवर दाबून ठेचला. हाड मोडल्याचा आवाज मी उंबऱ्यातून ऐकला. सगळा गाव बघत होता, एकानंही भरमाला धरलं नाही. गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात. आमच्या गावानं गरज लागायच्या आधीच वैद्य मारायला काढला.

हात वाकडाच जुळला. बोटं मिटेनात.

पुढच्या पावसाळ्यात भरमाची बायको नागुबाई बाळंतपणात अडली. मार्कंडेय नदीला पाणी चढलेलं, बेळगावला निघालेली गाडी काठावरनं परत आली. तेव्हा अंबुबाईला आत्याची आठवण झाली. मी तिच्या जागी असते तर दार लावून घेतलं असतं. आत्या उठून गेली, तिच्या मागोमाग मी.

आत गेलो तर मुलाचा हात बाहेर आलेला आणि अंबुबाई तो ओढत होती. नागुबाई गुरासारखी ओरडत होती.

"सोड!" आत्या किंचाळली आणि डाव्या हातानं तिच्या थोबाडीत दिली.

"मग तू काढ की गं, माले!"

आत्यानं वाकडा हात तिच्या नाकासमोर धरला. "तुझ्या लेकानं मोडलाय. आता तुझाच हात घालायचा, आक्का."

दारात भरमा उभा होता. आत्या त्याला म्हणाली, "डोक्याचा पटका काढ."

त्यानं काढला. तिनं सांगितलं तशा गाठी मारून पटक्यालाच डोकं केलं, हात केले, पाय केले. ते बाळ पोत्यात आडवं घातलं आणि अंबुबाईला आत हात घालायला लावलं. हात सापडला की आत्या खेकसायची, "न्हाय! पाय!" पाय सापडेपर्यंत तिनं म्हातारीला सोडलं नाही. मग हात धुवायला लावून तिला नागुबाईकडं ढकललं.

नागुबाईच्या त्या किंकाळ्या मला अजून झोपेत ऐकू येतात. मूल पायाकडून आलं. निळं पडलेलं, मऊ. आत्यानं तोंडात फुंकर घातली, पाठ चोळली. ते रडलं नाही. नागुबाई तेवढी वाचली.

अंबुबाई कोपरापर्यंत रक्तानं भरलेली, तशीच भिंतीला टेकली. "तुझा हात धड असता, तर जगलं असतं काय गं हे?"

"व्हय," आत्या म्हणाली.

भरमा आत आला. मेलेल्या पोराला गुंडाळायला त्यानं पटक्याच्या गाठी सोडायला घेतल्या. आत्यानं डाव्या हातानं ते बाळ त्याच्याकडून हिसकून घेतलं.

"त्याला दुसरं धडुतं घे. ह्याच्यावर अजून बायका शिकायच्या हायत."

भरमा बोडक्या डोक्यानं पोर घेऊन ओढ्याकडं गेला.