सुमनताईंच्या गाण्यावर माझा आवाज

सुमनताईंनी मला जगवलं. हे आधी लिहून ठेवतो. पुढचं लिहिताना हात थांबला तर निदान एवढं तरी कागदावर राहील. पुढचं मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

मी गोंदियाकडचा. सातवीतून शाळा सुटली आणि कामामागं फिरत पारनेरजवळच्या खडी क्रशरवर येऊन पडलो. तिथं टायफॉईड झाला. मुकादमानं तोंड फिरवलं. क्रशरवरच खडी भरणाऱ्या सुमनताईंनी मला बौद्धवस्तीतल्या आपल्या घरी नेलं, महिनाभर सांभाळलं. "भाताच्या मुलखातलं पाव्हणं," त्या हसायच्या, "भाकर खातो का वहाण चावतो रं?" मला वायरी जोडता येतात हे कळल्यावर त्यांनीच मला बँडमध्ये नेलं.

बँड म्हणजे 'माळरान'. गिटार, ड्रम आणि संबळ. गाणी रानातली, ट्रकवाल्यांची. नगरच्या कॉलेजांची गॅदरिंग, गावोगावच्या जत्रा. विलासदादा म्होरके. त्या सगळ्या पुरुषांत सुमनताई एकट्या. त्यांचं एकच गाणं असायचं — खडी फोडणाऱ्या बायांचं, स्वतः रचलेलं, चांगलं दहा मिनिटं चालणारं. त्यानंच कार्यक्रम सुरू व्हायचा, लोक उभे राहायचे. आणि हेच बँडवाले त्यांच्या घरी पाणी प्यायचे नाहीत. मी तर त्यांच्या घरी जेवलेला — पण थांबा. दुसऱ्यांवर राग काढणं सोपं आहे.

कार्यक्रम कॅसेटवर घेणं माझं काम. गाणं नीट उतरलं की कॅसेटच्या पाठीवरचं लॉक, म्हणजे प्लास्टिकचे दोन बारीक तुकडे, मोडून टाकायचो. मग तिच्यावर दुसरं काही चढत नाही. सुमनताईंचं गाणं नीट उतरलेली एकच कॅसेट होती. तिचं लॉक मीच मोडलं होतं.

एका रविवारी गावाकडचा माणूस भेटला, दुपारच्या गाडीनं परत निघालेला. माझ्या आईला वाचता येत नाही. तिला मी कॅसेटवर बोलून पाठवायचो. कोरी कॅसेट नव्हती, दुकानं बंद. पेटीत हात घातला आणि नाव न वाचताच आली ती घेतली — असं मी स्वतःला सांगत आलो. खोटं! वाचलं होतं. माझ्याच अक्षरात होतं. लॉकच्या भोकांत कागदाचे बोळे कोंबले — भोकं बुजली की कॅसेटवर पुन्हा चढवता येतं — आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. का? कारण मनात आलं, ताईंचं तर गाणं, तेही एकच — कोण मागणार आहे? जिनं मला उचलून घरी नेलं तिच्याबद्दल हे माझ्या मनात आलं. मग त्या पाणी न पिणाऱ्यांत आणि माझ्यात फरक तो काय?

मागितलं. दोनच महिन्यांनी. बँडला बारा वर्षं झाली म्हणून पहिल्यापासूनच्या निवडक गाण्यांचा दोन कॅसेटांचा संच काढायचं ठरलं. यादीत सगळ्यात वर ताईंचं गाणं.

"ती कॅसेट कुठंय रं?" दादांनी विचारलं.

"ताईंनी नेली."

दोन शब्द. दादा भडकले. "इचारायचं न्हाई व्हय? पुढं हुभं केलं तर डोक्यावर बसली!" विश्वास ठेवायला त्यांना अर्धं मिनिट लागलं नाही. लागणार नाही हे मला ठाऊक होतं — म्हणून तर मी नेमकं त्यांचं नाव घेतलं.

ताई तालमीच्या खोलीत आल्या. "माझ्या घरी टेप न्हाई. नेऊन काय चुलीत घालू?" कोणीतरी फिसकन हसलं. त्या माझ्याकडं वळल्या. "तू तरी सांग रं बाबा. मी नेली व्हय?"

मी वायर गुंडाळत होतो. गुंडाळलेली सोडली, पुन्हा गुंडाळली.

दादा म्हणाले, नव्यानं गा. ताई म्हणाल्या, आधी मी चोर न्हाई म्हणा. कोणी म्हटलं नाही. संच निघाला. कव्हरवर सगळ्यांचे फोटो, साऊंड म्हणून माझंही नाव. त्यांचं कुठंच नाही. जणू बारा वर्षांच्या गाण्यांत ती बाई कधी गायलीच नव्हती! त्यानंतर त्या खरंच कुठं गायल्या नाहीत.

दिवाळीला घरी गेलो. आईनं माझी कॅसेट लावली. माझाच आवाज — आई, बरा आहे, इथं सुमनताई म्हणून आहेत, तुझ्यासारखं बघतात, काळजी करू नको. मग खट् झालं. आणि पुढं त्या. शेवटची दोन कडवी, जशीच्या तशी. आई म्हणाली, "हेच होय का रे ते बाई? लय गोड गाते."

कॅसेट मी परत आणली. पाच वर्षं ट्रंकेत आहे. आता नगरला कामाला आहे. पारनेरची एसटी रोज समोरून जाते. शरम वाटते म्हणू? शरम असती तर केव्हाच चढलो असतो. भित्रा आहे मी. दुसरा शब्द नाही.

ताई, एक दिवस मी येईन. तुमच्या दारात नाही — तिथं तुम्ही ताट वाढाल आणि मी रडून मोकळा होईन. तालमीच्या खोलीत येईन. दादांसमोर, त्या हसणाऱ्यासमोर, तुम्हाला बसवून ती कॅसेट लावीन. आधी माझा आवाज, मग तुमचा. आणि कोणी नेली ते सांगेन. लॉकच्या भोकांतले बोळे मी काल काढून टाकले आहेत.