आईच्या रजिस्टरातली माझी नोंद

निलंग्याच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली तेव्हा नऊ वाजले होते. आई अंगणवाडी सेविकेच्या गणवेशाच्या साडीतच मला सोडायला आली होती. गाडी हलेपर्यंत थांबणं तिला जमणार नव्हतं. "दहाला लेकरांची वजनं घ्यायचीत. पोचलास की फोन कर. खिडकीतनं मुंडकं काढू नको," म्हणाली आणि गावाकडच्या जीपकडे चालू लागली. शेजारच्या प्रवाशाने विचारलं, "आई का?" मी म्हणालो, "हो. शिक्षिका आहे." त्याला त्याचं काही पडलेलं नव्हतं. ते खोटं मी माझ्यासाठीच बोललो होतो.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. जिल्हा परिषदेची शाळा, लातूरचं कॉलेज आणि मग पुण्यात यूएक्स डिझाइनचा कोर्स. फोनवर माणसाला काय सापडत नाही आणि का, हे शोधायचं काम, असं मी घरी समजावून सांगितलं होतं. माझे वडील, आबा, म्हणाले, "म्हंजे बटणं मांडायचं काम. मांड बाबा, पण नीट मांड."

या कामात पदवीपेक्षा आधी पोर्टफोलिओ, म्हणजे केलेल्या कामाचे नमुने, बघतात. माझ्या पोर्टफोलिओला कितीतरी महिने उत्तरच येत नव्हतं. त्यात रंग होते, गोल कोपऱ्यांचे सुबक स्क्रीन होते, माणूस एकही नव्हता. खरे वापरकर्ते दाखवा, असा सल्ला मिळाला. खरा वापरकर्ता तर माझ्या घरातच होता.

दिवाळीत गावी गेलो. अंगणवाडीच्या नोंदींसाठी ॲपचा एक नमुना मी स्वतः तयार केला होता. तो आईच्या हातात दिला, सात लेकरांची वजनं भरायला सांगितली आणि दुसऱ्या फोनवर तिचं चित्रण सुरू केलं. नावं मी अकारविल्हे लावली होती. ती एकेका नावासाठी यादी वर-खाली करत राहिली. "लई बारीक हाय रे अक्षर. ही वैष्णवी कुठं गेली, आत्ता तर हितंच होती." सहाव्या नावाला तिचं बोट चुकून मागे जायच्या बाणावर पडलं आणि भरलेलं सगळं पुसलं गेलं. "गेलं की रे सगळं. चुकलं माझं," ती म्हणाली. मी मोठ्याने हसलो. मग तीही हसली.

त्यातले चाळीस सेकंद मी पोर्टफोलिओत टाकले. खाली लिहिलं, 'अल्पशिक्षित वापरकर्त्याचा गोंधळ'. माझं हसणं कापलं नाही. त्यामुळे प्रसंग जिवंत वाटत होता.

मुलाखतींची बोलावणी येऊ लागली. ती चित्रफीत लागली की समोरचे हसायचे, आणि मीही त्यांच्यात सामील व्हायचो. एका ठिकाणी मात्र मुलाखत घेणाऱ्या मॅडम हसल्या नाहीत.

"या कोण?"

"गावाकडच्या एक सेविका."

"ॲप नसतं तेव्हा त्या नोंदी कशा ठेवतात?"

"रजिस्टर असतं," मी म्हणालो. आईचं ते रजिस्टर लहानपणापासून आमच्या फडताळात होतं. मी त्याचं एक पानही कधी उलटलं नव्हतं. "बघून या, मग परत दाखवा," एवढंच त्या म्हणाल्या.

त्याच आठवड्यात माहेरी आलेल्या बहिणीने माझ्या पोर्टफोलिओची लिंक कौतुकाने आईला उघडून दिली. फोनवर आईने आधी जेवलास का विचारलं. मग म्हणाली, "तवा तू हसलास, मला वाटलं, आपल्याआपल्यात हसलास. चारचौघांना दाखवायचं हाय हे न्हाई सांगितलंस." तिने आबांच्या पाठदुखीचा विषय काढला. घर सोडून आलेल्या तुमच्यापैकी कुणाला असा फोन ठाऊक असेल, तर जास्त सांगायची गरज नाही.

चित्रफीत त्याच दिवशी काढून टाकली आणि शनिवारी गावी गेलो. मी खिशातून फोन काढला तशी आई म्हणाली, "चालू हाय का तुझं शूटिंग? आसंल तर तोंड धुऊन येते." फोन ठेवून मी टिपायला वही घेतली आणि तिला रजिस्टर उघडायला सांगितलं.

रजिस्टरात घरोघरच्या लहानथोर सगळ्यांची नावं होती, पण अकारविल्हे नव्हतीच. पाण्याच्या टाकीपासून सुरुवात, मग उतरत्या गल्लीने एकेक दार, शेवटी ओढ्याकडची पाच घरं. "नावानं कोण हुडकतंय? मी दारानं जाते," ती म्हणाली. घरांपुढे शेरे होते. 'दार मागून.' 'कुत्रं आहे.' 'सून माहेरी.' हा शेवटचा पेन्सिलने लिहिलेला. मी कारण विचारलं.

"गेलेलं माणूस परत येतंय की. खोडायला बरं पडतंय."

मी पोर्टफोलिओ नव्याने मांडला, यादी दारांच्या क्रमाने लावली. आधीच्या चित्रफितीतली अंगणवाडी सेविका माझी आई आहे आणि गोंधळ माझ्या मांडणीत होता, हेही लिहिलं. मॅडमना परत दाखवला. आता त्यांच्याच हाताखाली काम करतो. पण जे हसले होते, त्यांना मी काहीच कळवू शकलेलो नाही. त्यांच्या आठवणीत आई अजून तेच म्हणत असेल, चुकलं माझं.

पुण्यात माझा पत्ता आता बँकेत, भाडेकरारात, सगळीकडे पक्का झाला आहे. यंदा रजिस्टर बदललं तेव्हा मी गावी होतो. जुन्यातून मी वाचत गेलो, ती नव्यात उतरवत गेली. टाकी, उतरती गल्ली, एकेक दार. आमच्या दाराशी आलो. आबांचं नाव वाचलं, तिचं वाचलं, मग माझं. तिने माझं नाव शाईने लिहिलं. पुढचा शब्द होता 'बाहेरगावी'. तो माझ्याने वाचवेना.

तिने पेन खाली ठेवला आणि पेन्सिल शोधू लागली.